नदी केंटकीची, शहर ओहायोचं

मुंबईहून सिनसिनाटीला निघालेला प्रवासी सिनसिनाटीत उतरतच नाही. विमानतळ नदीपलीकडे, केंटकी राज्यात. त्याचं ‘सीव्हीजी’ हे लघुनामही केंटकीतल्या कव्हिंग्टनवरून पडलेलं. अमेरिकी जनगणना खात्याच्या लेखी केंटकी दक्षिणेत मोडतं आणि ओहायो मध्यपश्चिमेत. तेव्हा पाहुणा उतरतो दक्षिणेत, टॅक्सीत बसतो आणि अर्ध्या तासाच्या आत पूल ओलांडून मध्यपश्चिमेत दाखल होतो.

मग हे शहर नेमकं कुठलं? क्लीव्हलंडकडच्या माणसाला ते अर्धं केंटकीच वाटतं. जॉर्जिया-अलाबामाकडच्याला मात्र तिथली जर्मन वळणाची चर्चं आणि बिअरच्या जुन्या भट्ट्या पाहून हे उत्तरेतलंच गाव, याबद्दल शंका उरत नाही.

हवामानाकडे निदान आकडे तरी आहेत. पण आकडेही इथे पक्ष बदलतात. व्लादिमीर क्योपेनच्या वर्गीकरणात दमट उपोष्ण आणि दमट खंडीय पट्ट्यांमधली सीमा सर्वांत थंड महिन्याच्या सरासरी तापमानावरून ठरते. क्योपेनने ती उणे ३ अंशांवर धरली. अमेरिकेतले बरेच भूगोलज्ञ शून्यावर धरतात. सिनसिनाटीचा जानेवारी शून्याच्या किंचित खाली. पहिली रेघ मानली तर शहर अटलांटाच्या पंगतीला बसतं, दुसरी मानली तर शिकागोच्या. उन्हाळा दक्षिणेसारखा घामट आणि चिकट. पण १८ जानेवारी १९७७ रोजी पारा उणे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. त्या हिवाळ्यात ओहायो नदी गोठली आणि लोक चालत पलीकडे जाऊन आले.

या हवेबद्दल सरड्यांचं मत वेगळं असावं. १९५१च्या सुमारास लाझरस घराण्यातल्या एका मुलाने इटलीतल्या गार्डा सरोवराकाठचे काही भिंत-सरडे मोज्यात घालून आणले आणि घराच्या आवारात सोडले. आज शहरातल्या चुनखडीच्या भिंतींवर ऊन खात पडलेले त्यांचे वंशज हजारोंनी दिसतात. गावकरी त्यांना ‘लाझरस सरडे’च म्हणतात. आल्प्सच्या पायथ्याशी वाढलेल्या या जातीला इथला उन्हाळा मानवला आणि हिवाळाही सोसला.

नदीच्या गोठण्याला इथे हवामानापलीकडचा अर्थ आहे. १७८७च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी झाली. दक्षिण काठावर ती चालू राहिली. जानेवारी १८५६मध्ये मार्गारेट गार्नर आपल्या कुटुंबासह केंटकीतून पळाली आणि बर्फावरून चालत सिनसिनाटीत पोहोचली. काही तासांतच पाठलाग करणाऱ्यांनी घराला वेढा घातला. परत गुलामीत जाण्यापेक्षा बरं म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. खटला चालला, आणि पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५०च्या कायद्यानुसार तिला पुन्हा केंटकीत धाडण्यात आलं. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीमागे हीच घटना आहे. आणखी एक गोष्ट: ही नदी जवळजवळ सगळी केंटकीचीच. राज्याची हद्द १७९२च्या उत्तर काठावरच्या ओहोटीरेषेपर्यंत जाते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये दिला. म्हणजे गार्नर कुटुंब बर्फावर होतं तोवर केंटकीतच होतं, आणि ओहायोत पाय टेकल्यावरही त्याचा काही उपयोग झाला नाही.

सिनसिनाटीने मार्गारेटला का ठेवून घेतलं नाही, याचं उत्तर कायद्यात आहे तसं बाजारातही आहे. डुकराच्या मांसाच्या धंद्यामुळे या शहराला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. ओहायोच्या शेतावरची डुकरं इथे कापली, खारवली जात आणि पिंपांतून ओहायो-मिसिसिपीमार्गे दक्षिणेतल्या मळ्यांकडे रवाना होत. चरबीतून साबण आणि मेणबत्त्या निघत. प्रॉक्टर अँड गँबल १८३७मध्ये सुरू झाली ती याच धंद्यात. गिऱ्हाईक दक्षिणेचं, तेव्हा गिऱ्हाइकाला दुखवायचं कसं? जेम्स बर्नी स्वतः केंटकीत जन्मलेला, एके काळी गुलाम बाळगणारा. त्याने इथून गुलामगिरीविरोधी पत्र चालवलं, तेव्हा १८३६मध्ये जमावाने त्याचा छापखाना फोडला आणि यंत्राचे तुकडे नदीत टाकले. त्या जमावामागे गावगुंड नव्हते. शहरातली प्रतिष्ठित व्यापारी मंडळी होती. हॅरिएट बीचर स्टो तेव्हा याच शहरात राहत होत्या. ‘अंकल टॉम्स केबिन’ त्यांनी इथून गेल्यावर लिहिली, पण त्यातली नदी इथलीच. दक्षिणीपणा रक्तात किंवा हवेत शोधणाऱ्यांनी आधी या शहराच्या खतावण्या चाळाव्यात, असं मला वाटतं.

विसाव्या शतकात माल खाली जायचा थांबला आणि माणसं वर येऊ लागली. केंटकीच्या डोंगरातल्या कोळसाखाणी मंदावल्या तशी हजारो अ‍ॅपलेशियन कुटुंबं इथल्या कारखान्यांत आली. त्यांच्या बोलण्याची इतकी टिंगल झाली की १९९२मध्ये शहराच्या मानवी हक्कांच्या नियमात भेदभावापासून संरक्षण मिळालेल्यांच्या यादीत ‘अ‍ॅपलेशियन’ असाही उल्लेख आला. त्याआधी, १९४३मध्ये सिड नेथनने किंग रेकॉर्ड्स काढली ती या डोंगरी लोकांची गाणी विकण्यासाठी. पुढे त्याच छताखाली कृष्णवर्णीयांचं संगीत मुद्रित होऊ लागलं. जेम्स ब्राउनची पहिली तबकडी १९५६मध्ये इथूनच बाहेर पडली.

मला मात्र सर्वांत बोलका वाटतो तो रेल्वेचा मार्ग. यादवी युद्धानंतर नदीवरची वाहतूक आटली आणि दक्षिणेचा व्यापार लुईव्हिलकडे वळू लागला. ओहायोच्या घटनेप्रमाणे शहराला खासगी रेल्वे कंपनीत पैसा घालता येत नव्हता. मग सिनसिनाटीने पळवाट काढली: रेल्वे स्वतःच्याच मालकीची बांधायची. १८६९मध्ये मतदारांनी कर्जाला मंजुरी दिली आणि १८८०मध्ये टेनेसीतल्या चॅटानुगापर्यंतची, पाचशेहून अधिक किलोमीटरची ‘सिनसिनाटी सदर्न’ पूर्ण झाली. मार्ग जवळपास सगळा दक्षिणेतल्या दोन राज्यांतला, मालक उत्तरेतली एक नगरपालिका. शतकाहून अधिक काळ शहराने तिचं भाडं खाल्लं. नोव्हेंबर २०२३मध्ये मतदारांनी तुटपुंज्या बहुमताने ती विकायला होकार दिला, आणि पुढल्या वर्षी भाडेकरू नॉरफोक सदर्न कंपनीने १६० कोटी डॉलर मोजून ती घेतली. ती रक्कम विश्वस्त निधीत ठेवली आहे. तिच्या उत्पन्नातून सिनसिनाटीचे रस्ते, बागा आणि अग्निशमन केंद्रं दुरुस्त करायची असं ठरलं आहे.