घर हेच कामाचे ठिकाण : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील घरबसल्या कामाचे स्वरूप

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वे बंद झाली आणि बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथून रोज पहाटे निघणारा नोकरदार वर्ग सक्तीने घरी राहिला. त्यांपैकी ज्यांचे काम संगणकावर होते त्यांनी ते घरातूनच चालू ठेवले. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात रुळला. त्याबरोबर ही एक सर्वस्वी नवी कार्यपद्धती आहे असा समजही रूढ झाला. प्रस्तुत लेखिकेस हा समज मान्य नाही. ज्या परिसरात आपण अध्यापन करतो तेथे घर हे कामाचे ठिकाण असण्याला सात दशकांचा इतिहास आहे. मात्र ते काम करणाऱ्या स्त्रियांना कोणी नोकरदार म्हटले नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थिनी हल्ली वारंवार विचारतात, “मॅडम, घरून करता येईल असं काही काम आहे का?” या प्रश्नाचे जबाबदार उत्तर द्यावयाचे असेल तर जुन्या गृहकामाचा अनुभव आपल्याला अधिक उपयोगी पडतो, असे प्रतिपादन सदर लेखात केले आहे.

छावणीतील पापड व लिज्जतची लाटणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथील नव्या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली व तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. दुकान, जमीन, गिऱ्हाईक सारे मागे टाकून आलेल्या कुटुंबांजवळ भांडवल म्हणून उरले ते हातातील कसब. बरॅकमध्ये लाटलेला सिंधी पापड हे त्याचे आजही ओळखले जाणारे उदाहरण होय. पुढे तयार कपड्यांचा, विशेषतः जीन्सचा व्यवसाय येथे वाढला. या व्यवसायात शिलाईनंतरची धागे कापण्यासारखी कामे नगावर मोजून घरोघर दिली जातात. माल आणून देणारा व नेणारा मध्यस्थ वेगळा, मूळ मालक वेगळा. काम करणारीला तो मालक बहुधा ठाऊकही नसतो.

याच प्रकारच्या कामाची दुसरी मांडणी मुंबईत झाली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचा आरंभ केला. तिची कार्यपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. पीठ केंद्रात मळले जाते. सभासद भगिनी ते वजन करून घरी नेतात, लाटतात, वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी पापड केंद्रात देऊन लाटणावळ घेतात. काम देण्यापूर्वी घरात लाटण्यास व वाळविण्यास स्वच्छ जागा आहे किंवा नाही हे पाहिले जाते. पापड तपासले जातात व सदोष असल्यास नाकारलेही जातात. म्हणजे दूरस्थ कामाची सगळी अंगे, म्हणजे कामाचे वाटप, घराची पाहणी, गुणवत्तेची तपासणी व नगावर वा वजनावर मोबदला, येथे कोणत्याही संगणकाविना सिद्ध झालेली होती. परंतु लिज्जतमध्ये लाटणारी भगिनी ही संस्थेची सहमालक असते व नफ्यात तिचा वाटा असतो. धागे कापणाऱ्या स्त्रीला तो नसतो. दोघीही आपल्याच घरात, आपल्याच दिव्याखाली बसतात. पण माल नाकारला गेला तर एकीला त्याबद्दल बोलता येते, दुसरीला येत नाही.

हा भेद मला मूलभूत वाटतो. घरबसल्या कामात तासांवर देखरेख नसते, म्हणून मालकाचे सारे नियंत्रण काम स्वीकारण्या-नाकारण्याच्या क्षणी एकवटते.

न्यायालय व कायदा

आपल्या न्यायालयांनी हे फार पूर्वी ओळखले. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस खटल्यात (१९७३) शिंपी नगावर पैसे घेत, कामाला येण्या-जाण्याची त्यांची वेळ ठरलेली नव्हती व काही जण कापड घरी नेऊन शिवत. तरीही शिवलेला कपडा नापसंत करून पुन्हा शिवावयास लावण्याचा अधिकार दुकानाकडे आहे, ही बाब महत्त्वाची मानून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कर्मचारी ठरविले. सोलापुरातील हजारो स्त्रिया पान व तंबाखू घरी नेऊन विड्या वळतात. अशा कामगारांसाठी केलेल्या १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात घरी काम करणारीचाही समावेश होता आणि कच्चा माल किती दिला, विड्या का नाकारल्या, नाकारलेल्या विड्यांची मजुरी द्यावयाची की नाही या वादांसाठी स्वतंत्र तरतूद होती. तो कायदा आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नियोक्त्यासाठी आपल्या घरी किंवा आपल्या पसंतीच्या अन्य जागी मोबदला घेऊन वस्तूंचे वा सेवांचे उत्पादन करणारी व्यक्ती म्हणजे गृहाधारित कामगार, मग साधने व माल नियोक्त्याने पुरविलेला असो वा नसो, अशी तिची व्याख्या आहे. २००८ च्या असंघटित कामगार कायद्यातही जवळपास हेच शब्द होते. यातील ‘सेवा’ हा शब्द अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावा. घरून नगावर हिशेब लिहिणारी किंवा उपशीर्षके तयार करणारी पदवीधर मुलगी धागे कापणाऱ्या शेजारणीहून स्वतःला निराळी समजत असली, तरी या व्याख्येत दोघी शेजारी-शेजारीच बसतात. व्याख्येत बसणे आणि हक्क पदरात पडणे यांत अर्थातच बरेच अंतर आहे.

खोली, वीज आणि घड्याळ

घरून काम अधिक चांगले होते काय, याविषयी बहुधा मतेच अधिक ऐकू येतात. निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास-व्यवसायातील कंपनीच्या दूरध्वनी सेवा केंद्रात केलेला प्रयोग (प्रसिद्धी २०१५) मात्र प्रमाण मानण्याजोगा आहे. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. यापैकी सुमारे ९ टक्के वाढ विश्रांती व आजारपणाच्या रजा कमी झाल्याने, म्हणजे प्रत्यक्ष अधिक वेळ काम केल्याने झाली. उरलेली ४ टक्के दर मिनिटाला अधिक कामे हातावेगळी झाल्याने झाली व तिचे श्रेय शांततेला दिले गेले. पण प्रयोगात सहभागी होण्यासाठी घरात स्वतंत्र खोली व ब्रॉडबँड असणे ही अट होती, हे हा आकडा उद्धृत करणारे क्वचितच सांगतात. ‘वन रूम किचन’मध्ये राहणाऱ्या, दूरदर्शन संच व कुकरची शिट्टी यांच्यामध्ये अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीला तो १३ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. घरी असलेली सून अथवा मुलगी ‘मोकळीच’ आहे असे गृहीत धरले जाते, ही अडचण तर वेगळीच.

त्याच कंपनीतील पुढील प्रयोगात (प्रसिद्धी २०२४) १,६१२ कर्मचारी होते. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिल्यावर नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले व कामगिरीवर विपरीत परिणाम दिसला नाही. हा लाभ स्त्रिया आणि लांबचा प्रवास करणारे यांच्या बाबतीत विशेष जाणवला. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. स्वस्त घरासाठी लांबचा प्रवास पत्करणारी ही वस्ती होय. तिला आठवड्यातील दोन दिवसही मोलाचे आहेत. मुलाखतीत ‘पूर्ण घरून’ असाच हट्ट धरण्यापेक्षा अशी विभागलेली नोकरी मागावी, असा सल्ला मी देते. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत वा औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभे राहणाऱ्यास अर्थात हा पर्याय उपलब्धच नाही.

विदेशी कामाचे घड्याळ हा आणखी एक मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा व हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे पाळी संपेपर्यंत पहाटेचे अडीच किंवा साडेतीन वाजतात. प्रवास नाही म्हणून रात्रीचे काम सोपे असे मुलांना वाटते. घरातील इतर माणसे सकाळी सहाला उठतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात वीज गेल्यास काम कसे चालणार, इन्व्हर्टरचा व इंटरनेटचा खर्च कोणी करावयाचा, हे नेमणुकीपूर्वीच विचारले पाहिजे. पापड लाटणारीच्या दिव्याचे बिल तिनेच भरले. पदवीधरानेही निमूटपणे तेच करावे असे नाही.

काम शोधताना

‘घरबसल्या टायपिंग करा, दरमहा हजारो कमवा’ ही जाहिरात लोकलच्या डब्यात चिकटविलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. आता ती भ्रमणध्वनीवर येते. फसवणुकीची रीत ठरलेली असते. आरंभी नोंदणी शुल्क अथवा अनामत घ्यावयाची, अशक्य मुदतीत पाने टंकलिखित करून मागावयाची, मग ‘अचूकता अपुरी’ म्हणून सर्व काम नाकारावयाचे आणि करारभंगाची वकिली नोटीस दाखवून आणखी पैसे उकळावयाचे. येथे नाकारण्याचा अधिकार हेच हत्यार झालेले दिसते. दुसऱ्या प्रकारात चित्रफितींना पसंती देणे, हॉटेलांना तारे देणे अशा ‘टास्क’साठी प्रथम शे-दोनशे रुपये खरोखर मिळतात व विश्वास बसल्यावर मोठी रक्कम भरावयास लावली जाते. तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. ‘फक्त तुमचे बँक खाते वापरू द्या, टक्केवारी घ्या’ असे सांगितले जाते आणि चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरल्यावर पोलीस विद्यार्थ्याच्या दारी येतात. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे; पहिल्या काही तासांत रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते. खरा नियोक्ता काम देण्यासाठी पैसे मागत नाही, एवढे एक वाक्य वर्गात दरवर्षी सांगितले तरी पुष्कळ होईल.

खरी कामे आहेत. ती कौशल्यावर मिळतात. वाणिज्य शाखेस लेखांकन व वस्तू-सेवा कराची विवरणपत्रे, भाषेच्या विद्यार्थ्यांस अनुवाद व मुद्रितशोधन, विज्ञान शाखेस वैद्यकीय कोडिंग अशी क्षेत्रे आहेत. केंद्र शासनाची राष्ट्रीय करिअर सेवा (२०१५) विनाशुल्क आहे. काम पत्करताना दर, मुदत, दुरुस्त्या किती वेळा करून द्यावयाच्या आणि काम नाकारल्यास कारण लेखी मिळेल किंवा नाही, हे ई-पत्राने विचारून घ्यावे. ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत त्याचे काम न घेतलेले बरे.

स्वतंत्रपणे सेवा देणाऱ्यांना आणखी एक साधन उपलब्ध आहे व ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य असून एकटी व्यक्तीही सेवा क्षेत्रातील सूक्ष्म उद्योग म्हणून ती करू शकते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे कमाल ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. याच कायद्यात आणखी एक कलम आहे. माल वा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असे मानले जाते. त्यामुळे महिन्याभरानंतर ‘काम पसंत नव्हते’ असे सांगणाऱ्यास विद्यार्थिनी या कलमाचा हवाला देऊ शकते; मात्र त्यासाठी काम पाठविल्याची तारीख दाखविणारे ई-पत्र तिने जपून ठेवलेले असले पाहिजे.