कर्जाचा विमा नाकारला, म्हणजे हक्क संपला असे नाही

टेम्पो, ट्रॅक्टर किंवा घरासाठी कर्ज घेतले की मंजूर रकमेतून काही हजार रुपये आधीच कापलेले दिसतात. विचारले तर उत्तर मिळते, "विम्याचे." सह्यांच्या गठ्ठ्यात त्या विम्याचा फॉर्म असतो, पण विम्याचे प्रमाणपत्र फार थोड्या घरांत पोहोचते. कर्जदाराचा इंतकाल झाला तर उरलेले कर्ज कंपनीने फेडायचे, असा हा करार. काही पॉलिसींमध्ये कायमचे अपंगत्वही धरलेले असते, काहींत नसते. आपल्या पॉलिसीत काय आहे, हे बहुतेकांना संकट आल्यावरच कळते.

ताडकळसला इंग्रजी पत्र आले की लोक ते शाळेत मास्तरांकडे घेऊन येतात. काही महिन्यांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी असेच पत्र घेऊन आली. तिचे शोहर टेम्पो चालवायचे. अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंपनीने कळवले होते, एक पाय गेला म्हणजे 'संपूर्ण कायमचे अपंगत्व' नव्हे, सबब क्लेम नामंजूर. ती एवढेच म्हणाली, "सर, मग ब्रेक कोणत्या पायाने दाबायचा?"

या भांडणाचे मूळ तिच्या प्रश्नातच आहे. अपंगत्व तीन ठिकाणी तीन प्रकारे मोजले जाते. सरकारी रुग्णालयाचे मंडळ टक्केवारी देते. घरचे लोक कमाई थांबली का ते पाहतात. विमा कंपनी मात्र पॉलिसीत छापलेली व्याख्या पाहते. काही पॉलिसींत 'स्वतःचा धंदा करता न येणे' पुरेसे असते, काहींत 'कोणतेही काम करता न येणे' अशी अट असते, तर काहींत गमावलेल्या अवयवांची यादीच दिलेली असते. म्हणून प्रमाणपत्रावर टक्के जास्त आहेत एवढ्यावर क्लेम मिळत नाही, आणि कंपनी नाही म्हणाली एवढ्यावर तो संपतही नाही.

डावा हात कोपराच्या वर कापलेल्या एका सुताराचा खटला 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण मानले गेले. तो निकाल कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालचा आहे. विम्यात आधी पॉलिसीचे शब्द पाहिले जातात. मात्र ते शब्द संदिग्ध असतील तर त्यांचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावावा, हा न्यायालयांचा जुना नियम आहे. शिवाय नकाराच्या पत्रात जे कारण दिलेले नाही, ते कंपनीला नंतर ग्राहक आयोगात नव्याने काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. म्हणून नकार तोंडी ऐकून परत फिरू नका. तो कारणासह लेखी मागा.

पुढची वाट अशी आहे. बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे विम्याचे प्रमाणपत्र, पॉलिसीच्या अटी आणि हप्ता कापल्याचा उतारा लेखी अर्जाने मागा व अर्जावर पोच घ्या. मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. सोबत शस्त्रक्रियेचे कागद, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि वाहनचालकाचा परवाना जोडा, म्हणजे धंदा कोणता होता ते सिद्ध होते. वर सांगितलेल्या घराची तक्रार सध्या याच टप्प्यावर आहे.

तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. परभणी जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरी वाट परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. विमा कर्जासोबत बँकेनेच दिला असेल तर बँकेलाही सामनेवाला करा. पण प्रकरण आयोगात गेले की लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम विचार करून ठरवा.

दोन गोष्टी घरच्यांनी लगेच पाहाव्यात. एक, वाद चालू असतानाही कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. गप्प बसून थकवू नका, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या, असा लेखी अर्ज करा. दुसरी, बँकेच्या पासबुकात वर्षाला 20 रुपये कापल्याची नोंद आहे का ते पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल, तर अपघातात एक पाय किंवा एक हात कायमचा निकामी झाल्यास 1 लाख आणि दोन्ही गेल्यास 2 लाख रुपये मिळतात.

विमा आणि व्याजाचे कर्ज जायज की नाजायज, हे आपल्या उलमांना विचारावे. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. तरीही कर्जाचे कागद आपण न वाचता कपाटात ठेवतो. घरात कोणाच्या नावावर कर्ज असेल तर विम्याचे प्रमाणपत्र आजच शोधा, त्यात अपंगत्व आहे का ते मुलांकडून वाचून घ्या, आणि सापडले नाही तर सोमवारी बँकेत अर्ज द्या.