म्हातारपणी पोट ओरडत नाही

"काही नाही, गॅस झाला असन. ओवा दे थोडा." दर्यापूर असो की मूर्तिजापूर, पोट दुखले की वऱ्हाडातले आजोबा बहुधा असेच म्हणतात. मग ओवा, हिंगाचे पाणी, गरम पिशवीचा शेक आणि रात्री एक पेनकिलर. बहुतेक वेळा खरेच गॅस असतो. क्वचित मात्र आतडे फुटलेले असते.

आतड्याला छिद्र पडण्याची आपल्याकडची ओळखीची कारणे म्हणजे अल्सर, टायफॉइड, क्षयरोग. उतारवयात आणखी एक दुर्मीळ कारण असते. लहान आतड्याच्या वरच्या भागात, जेजुनममध्ये, रक्तवाहिन्या शिरतात तिथे स्नायूचा थर कमकुवत असतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथून आतले अस्तर बाहेर ढकलले जाते आणि थैल्या तयार होतात. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. एखाद्याची थैली सुजते आणि फुटते.

फुटली तरी ती लपून राहते. गळती जवळच्या चरबीत दबते, म्हणून पोट फळीसारखे कडक होईलच असे नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हवा दिसेलच असेही नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" या वाक्यावर विसंबून घरी परतणे अशा वेळी महागात पडते; सीटी स्कॅनवर हवेचे बारीक बुडबुडेही दिसतात. वयामुळे ताप येत नाही, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी घेतलेले स्टेरॉइड दुखणे झाकते, बीपीसाठी मेटोप्रोलॉल सुरू असेल तर नाडीही पळत नाही. दिसते ते एवढेच: जेवण नको, लघवी कमी, बोलणे असंबद्ध.

मग 'हायरिस्क' हा शब्द येतो. मधुमेह, हृदयात स्टेंट, वाढलेले क्रिएटिनिन. नातेवाईक तो शब्द ऐकून "आता या वयात कशाला चिरफाड" म्हणतात. पण पोटात घाण पसरली असेल, तर ऑपरेशन न करण्याचा धोका सहसा त्याहून मोठा असतो. आधी सलाइन, अँटिबायोटिक, शुगर आणि लघवीवर नजर. गळती एका जागी बांधलेली असेल, तर अँटिबायोटिक देऊन, गरज पडल्यास स्कॅनच्या मदतीने पू काढून काहींचे ऑपरेशन टळते.

पसरली असेल, तर थैल्यांचा भाग कापून आतडे जोडायचे. नुसते टाके घालणे भरवशाचे नसते, कारण थैलीची भिंत पातळ असते. खरा पेच पुढे आहे. बीपी औषधांवर टिकवून धरलेले असेल, तर नवा जोड सुटू शकतो. तोंड पोटावर काढावे, तर इतक्या वरून पाणी आणि क्षार भराभर वाहून जातात; अकोल्याच्या मे महिन्यात अशा रुग्णाची किडनी किती तग धरणार? म्हणून काही वेळा सर्जन खराब भाग काढून टोके बंद करतात, रुग्ण आयसीयूत सावरला की दिवस-दोन दिवसांनी पुन्हा आत जाऊन जोड देतात. भूलही न पेलणाऱ्या रुग्णाला जागा बधिर करून पोटात नळी टाकतात. हा कायमचा इलाज नाही, पण वेळ मिळतो.

गावाहून अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अमरावतीच्या इर्विनला निघताना आजोबांच्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्यावी. त्यातली रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, हा प्रश्न सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही विचारतात.