हृदयविकार आणि ताकदीच्या गोळ्या

सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदारांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. झाडाला शेणखत, युरिया वेळेवर दिले तरी जस्त कमी पडले, तर पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. जस्त लागते थोडेच, पण त्यावाचून झाड सुधारत नाही. मात्र जस्त पुरेसे असलेल्या झाडावर आणखी फवारा मारून फळ वाढत नाही.

आपल्या रक्तवाहिन्यांचेही असेच आहे. त्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. त्याने वाहिनी सैल पडते व रक्त मोकळे वाहते. या शोधासाठी १९९८ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू बनण्यास टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हे मदतनीस द्रव्य लागते. धूम्रपान व मधुमेह यांमुळे त्याची नासाडी होते. क जीवनसत्त्व व फोलिक आम्ल ते टिकवण्यास मदत करतात.

मग या द्रव्यांच्या गोळ्या घेतल्या की हृदयविकार टळेल काय? तसे दिसून आलेले नाही. मूळ मदतनीस द्रव्यच हृदयरोग्यांना तोंडाने देऊन पाहिले. ते शरीरात बिघडते व वाहिन्या सुधारत नाहीत, असे २०१२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखविले. त्याआधी २००६ साली नॉर्वेत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रोग्यांवरील चाचणीचा निकाल आला. फोलिक आम्ल व ब-१२ यांनी रक्तातले होमोसिस्टीन हे अपायकारक द्रव्य उतरले, पण झटके कमी झाले नाहीत.

तरीही खरी उणीव असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ४४१ पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील, थकवा असेल, तर रक्त तपासून घ्यावे. ब-१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल घेऊ नये. रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी चालूच राहते.

दूध, दही, अंडी, मासे यांतून ब-१२ मिळते. पालेभाज्या, हरभरा व आपल्या संत्र्यांतून फोलिक आम्ल. तंबाखू व बिडी सोडावी, रोज चालावे. आणि कोणी कितीही सांगितले, तरी ताकदीच्या गोळ्यांच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले हृदयाचे वा रक्तदाबाचे औषध बंद करू नये. छातीत कळ आली, तर गोळी शोधत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा.