पुढचा दात भरायचाय? सकाळी जा

दिवाळीच्या पहाटे नटूनथटून आलेली डोंबिवलीची तरुणाई गणपती मंदिरात दर्शन घेते आणि फडके रोडवर जमते. गाठीभेटी होतात, फोटो निघतात. पुढच्या दाताचा टवका उडालेला असेल, तर मात्र हसताना ओठ आपोआप मिटतात. दाढेत चांदी भरत, तेव्हा रंगाचा प्रश्नच नव्हता. पुढच्या दातात दाताच्या रंगाचं कंपोझिट भरताना खरा कस रंग जुळवण्यात लागतो.

डॉक्टरांकडच्या प्रचलित शेड गाइडमध्ये १६ नमुना-दात असतात. ‘ए’ गटात तांबूस तपकिरी छटा, ‘बी’मध्ये तांबूस पिवळी, ‘सी’मध्ये राखाडी, ‘डी’मध्ये तांबूस राखाडी. नमुना दाताशेजारी धरून काही सेकंदच बघायचं. टक लावली की डोळा थकतो आणि फरक दिसेनासा होतो.

एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ठाऊक असतं, की ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन नमुने उन्हात नेले की वेगळे दिसू शकतात. दाताचंही तसंच. म्हणून रात्री लोकलमधून उतरून थेट दवाखाना गाठण्यापेक्षा सुट्टीची एक सकाळ काढावी आणि नमुना खिडकीपाशी बघायला सांगावं.

रंग ठरवायचा तोही दात कोरण्याआधी, ओल्या दातावर. तोंड उघडं राहिलं, कापूस लावला, की काही मिनिटांत दात सुकून पांढरट दिसतो. त्या पांढऱ्याशी जुळवलेलं फिलिंग, दात पुन्हा लाळेने भिजला की उठून दिसतं. उलट, त्याच दिवशी आरशात फरक दिसला तर घाबरू नये, एक-दोन दिवस थांबावं.

शिवाय एका दातातही रंग एक नसतो. हिरडीपाशी आतलं पिवळसर डेंटिन डोकावतं, टोकाला वरचं इनॅमल अर्धपारदर्शक असतं. म्हणून आत दाट आणि वर अर्धपारदर्शक असे थर द्यावे लागतात. कंपोझिटचा रंग निळ्या प्रकाशाने कडक झाल्यावर थोडा बदलतो. त्यासाठी छोटासा ठिपका दातावर न चिकटवता ठेवून, कडक करून, ओला करून पाहतात. पटला तर पुढे, नाही तर काढून टाकायचा. ही दोन मिनिटं डॉक्टरांकडे हक्काने मागा.

दात उजळवायचे असतील तर ते आधी, कारण फिलिंग उजळत नाही. उजळवल्यावर साधारण दोन आठवडे थांबून मग दात भरतात. म्हणजे दसऱ्यापर्यंत दात उजळवून झाले, तर फडके रोडवर मनमोकळं हसता येईल.