वेबसाइट करायची? आधी वही घ्या

केळी लावायची तर खान्देशातला शेतकरी आधी पाणी बघतो, रोपं बघतो, मगच मजूर सांगतो. वेबसाइटच्या बाबतीत मात्र उलटं होतं. बनवणारा पोरगा आधी येऊन बसतो, आणि त्याला काय सांगायचं ते घरात कुणीच ठरवलेलं नसतं.

जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली. केळीचे वेफर्स असोत, दोंडाईच्याकडची मिरची असो की बचत गटाचे पापड, परगावचा खरेदीदार आता आधी मोबाईलवर नाव शोधतो.

मग तयारी काय करायची? एक वही घ्या. पहिल्या पानावर लिहा, वेबसाइट कशासाठी? नुसती ओळख, चौकशीचे फोन, की ऑर्डर आणि पैसेही तिथंच घ्यायचेत? कामं तीन, खर्चही वेगवेगळा. दुसऱ्या पानावर मालाची यादी, वजन, भाव आणि माल किती दिवस टिकतो ते. खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक. मानांकनाचं चिन्ह लावायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंदणी हवी. फोटो आपल्याच मालाचे, दिवसाउजेडी काढलेले.

सगळ्यात महत्त्वाचा तो वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन. तो ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून मिळतो. 'डॉट इन' आहेच, २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतो. हा पत्ता बनवणाऱ्याच्या नावावर राहिला, तर शेत आपलं आणि सातबारा दुसऱ्याचा, अशी गत होते. तो पुण्याला निघून गेला, पैसे भरायची तारीख चुकली, की पत्ता हातचा जातो आणि त्यावर छापलेली खोकी, पिशव्या वाया. म्हणून नोंदणी, ई-मेल आणि पासवर्ड आपल्याकडेच ठेवा. दरवर्षीचा खर्च किती, भाव बदलायचे तर कोण बदलणार, त्याचे किती घेणार, हे कागदावर लिहून घ्या.

वही तयार झाली की दोन-तीन जणांना दाखवा. त्यांनी केलेल्या वेबसाइट मोबाईलवर उघडून बघा, मगच पैशाचं बोला. बचत गटाच्या ताईंनी नोंदणी गटाच्याच नावावर करावी. उद्या अध्यक्ष बदलल्या तरी पत्ता गटाचाच राहील.