जुन्या स्पीकरमधली ढोलकी का हरवते?

वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गीते लावली, शब्द स्वच्छ ऐकू येतात. पण ढोलकीचा घुमारा मात्र पोकळ वाटतो. जमिनीवर उभे राहणारे ते जुने उंच स्पीकर भंगारात देण्यापूर्वी पुढील तपासणी करावी.

प्रथम अ‍ॅम्प्लिफायर बंद करून तारा पाहाव्यात. लाल खुणेला लाल, काळीला काळी हवी. एकाच पेटीची जोडणी उलटी असेल, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात.

मग अ‍ॅम्प्लिफायरकडील डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. दोष त्याच पेटीत राहिला तर बिघाड पेटीत किंवा तिच्या तारेत. दुसरीत गेला तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये.

पुढची जाळी काढून मोठ्या पडद्याची कड पाहावी. फोमची कड दमट हवेत १५-२० वर्षांत झडते; बोट लावताच भुगा होतो. अशा वेळी अख्खा स्पीकर बदलू नये. त्याच मापाची नवी कड कारागीर चिकटवून देतो. पडदा हलकेच समान दाबताना खरखर आली, तर आतली कॉइल घासते आहे असे समजावे.

सारे ठीक असल्यास पेट्या भिंतीजवळ सरकवाव्यात, खर्ज भरतो.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. वस्तूच्या वयाला दोष देण्याआधी कारण शोधावे. कष्टाचा पैसा वाचतो.